फणसांसाठी घेतलेले शॉकअप

“चुकीचे घेताय तुम्ही.”

प्रितमने माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. ना ओळख, ना पाळख. ऑपेरा हाऊसच्या मागच्या गल्लीतलं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, मे महिन्याची दुपार, डोक्यावर खडखडणारा पंखा, नाकात रबराचा आणि ग्रीसचा वास... आणि शेजारी उभा असलेला एक उंच, सावळा माणूस माझ्या खरेदीत नाक खुपसतो!

मी वळून बघितलं. म्हणजे — बघायचं तेवढं बघून घेतलं. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या आणि डोळ्यांत हसू. लोकांच्या चुका काढणाऱ्याला इतकं छान हसू द्यायला नको होतं देवाने.

“मी परचेस डिपार्टमेंटला आहे,” मी म्हटलं. “लोअर परळला. भलेभले सप्लायर माझ्यासमोर घाम पुसतात. मला खरेदी शिकवू नका.”

“खरेदी नाही शिकवत हो. गाडीत बसतं कोण, एवढंच विचारतोय.”

“आई, बाबा आणि मी. परळ ते मालवण. का? तुम्हीही येताय?”

“बोलावलंत तर... येईन की!”

काउंटरमागचे जयवंतशेठ मिशीत हसले. मी मान फिरवली, कारण मलाही हसू येत होतं आणि ते त्याला दिसायला नको होतं.

गाडी आमची जुनी, चौकोनी, सगळ्या मुंबईत दिसते तसली. तिचे चारही शॉकअप बसले होते. पुढच्या दोघांना दुकानात स्ट्रट म्हणतात, काम मात्र चौघांचं एकच, खड्ड्यांचे धक्के गिळणं. आमचे काही गिळत नव्हते. प्रत्येक खड्डा थेट मागच्या सीटवर, आईच्या मणक्यात जात होता. तिचं पाठीचं दुखणं जुनं. रेल्वेत ताठ बसून तासन्‌तास प्रवास तिला जमत नाही. गाडीत निदान आडवं होता येतं, वाटेल तिथे थांबता येतं. आणि यंदा जाणं भागच होतं. गावाला सुभद्रामावशी, आईची पाठची बहीण, अंथरुणाला खिळली होती. रोज फोनवर एकच विचारायची, “ताये, कदी येतंस?”

शॉकअप दोन तऱ्हेचे मिळतात. तेलाचे मऊ, गॅसचे कडक. मी कडक मागितले होते. शेजारचा महाशहाणा नेमक्या आमच्याच मॉडेलसाठी मऊ मागत होता.

“तुमच्या डिकीत काय असतं?” आता मी विचारलं.

“मासळी. पहाटे ससून डॉकवरून उचलतो, लालबाग-परळच्या खाणावळींना पोचवतो. पुढे आई बसते माझी. तिला आराम पाहिजे, म्हणून मऊ.”

“अहो, डिकी भरलेली आणि शॉकअप मऊ? झोके घेईल गाडी! चुकीचे तर तुम्ही घेताय.”

“कॉलेजात असल्यापासून चालवतोय मी ही गाडी.”

“मग इतकी वर्षं चुकीची चालवताय.”

“ताई,” जयवंतशेठ म्हणाले, “घरातलं भांडण घरी मिटवून यायचं. इथं गिऱ्हाईक खोळंबलंय.”

“आम्ही नवरा-बायको नाही!” मी ओरडलेच.

आणि तो? तो नुसता हसला. ‘नाही’ असं एका शब्दाने म्हणाला नाही हो तो!

शेवटी मी माझे कडक घेतले, त्याने त्याचे मऊ. दुकानाच्या पायरीवर पैज लागली — ज्याचं चुकेल त्याने दुसऱ्याला जेवायला न्यायचं. त्यासाठी फोन नंबर लागतात. ते आम्ही अगदी व्यवहार म्हणून घेतले, आणि घरी पोचेपर्यंत मी त्याचा नंबर ‘आगाऊ कोळी’ या नावाने सेव्ह करून टाकला.

नायगावच्या गॅरेजमध्ये बुद्धभूषणदादाने शॉकअप बसवले. मी आईला मागे बसवलं आणि ऐटीत दादर चौपाटीपर्यंत फेरी मारली. पहिल्या स्पीडब्रेकरला आईने डोळे मिटले. दुसऱ्याला तिने सीटची कड घट्ट धरली. मी आरशातून बघत होते. ती हसायचा प्रयत्न करत होती. तेच मला बघवत नव्हतं.

चाळीपाशी परतल्यावर तिला गाडीतून उतरताच येईना. बाबांनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. खाटेवर टेकल्यावर ती म्हणाली, “माका काय जमाचा नाय गो, भाविका. तुमी दोगा जावन येवा. सुभद्राक सांगा... माजा येना झाला नाय.”

मी गॅलरीत जाऊन रडले. रडताना स्वतःला विचारलं, कडक का घेतलेस गं तू? उत्तर ठरलेलंच होतं. बाबा म्हणाले होते, परतताना फणस असतील, तांदळाची गोण असेल, नारळ असतील, गाडी मागून बसता कामा नये. कोकणातून मोकळी गाडी आणणं म्हणजे आमच्याकडे पाप! आणि मी, परचेस डिपार्टमेंटची शहाणी, त्या ओझ्याचा हिशेब करून मोकळी झाले. आई कशी बसेल, हे मनातसुद्धा आलं नाही. मी शॉकअप फणसांसाठी घेतले होते. आईसाठी नव्हेच.

डोळे पुसले आणि ‘आगाऊ कोळी’ला फोन लावला. हरले तर हरले, तोंड कशाला लपवायचं?

“जेवण माझ्याकडून,” मी म्हटलं. “तुमचं बरोबर होतं.”

 पलीकडून एक लांब उसासा... आणि हसू. “नाही, नाही. जेवण माझ्याकडून. माझी आई माझ्याशी बोलत नाहीये.”

“का?”

“वजन मासळीचं धरलं होतं मी. बर्फ विसरलो. डिकी भरून निघालो, तर गाडी होडीसारखी डोलायला लागली. एका वळणावर पाटी कलंडली आणि बर्फाचं सगळं पाणी सीटखालून आईच्या पायाशी. नवीन लुगडं भिजलं. म्हणते, कोळ्याच्या पोटी जन्मलास आणि बर्फ विसरलास?”

रडून लाल झालेल्या नाकाने मी खो खो हसले. चाळीतल्या दोन बायका वळून बघायला लागल्या.

“हसतेस काय? मी इथे उपाशी आहे. गुणवंती कोळीण रागावली की घरात चूल पेटत नाही.”

‘हसतेस’ म्हणाला. हसताय नाही, हसतेस. माझ्या कानांना ते ताबडतोब कळलं आणि गालांना त्याहून आधी.

“प्रितम, ऐक ना... तुझे मऊ, माझे कडक...”

“...मॉडेल एकच,” तो म्हणाला. “अदलाबदल करूया!”

“मी तेच म्हणणार होते.”

“पण म्हणालो मी.”

“अर्धं वाक्य माझं होतं!”

“बरं बाई. अर्धं तुझं, अर्धं माझं. रविवारी ये.”

रविवारी गॅरेजमध्ये दोन जुळ्या गाड्या शेजारी शेजारी जॅकवर चढल्या. बुद्धभूषणदादाने कपाळावर हात मारून घेतला. “बसवलेलं काढायचं, काढलेलं बसवायचं. घेतानाच एकमेकांना विचारलं असतं तर?”

“विचारलं होतं,” आम्ही एकदमच म्हणालो.

दुसऱ्याच्या गाडीचं दोघांना बरोबर कळलं होतं. घोडं अडलं होतं स्वतःच्या गाडीपाशी.

काम होईपर्यंत आम्ही बाकड्यावर बसलो. तो बोलता बोलता थांबायचा, समोरच्या बसकडे बघायचा. मी त्याच्याकडे बघायचे. मग तो वळायचा आणि मी बसकडे. हा खेळ किती वेळ चालला देव जाणे. मध्येच माझ्या केसांत अडकलेलं गुलमोहराचं फूल काढायला त्याने हात पुढे केला... आणि बोटांना ग्रीस लागलंय हे बघून तसाच मागे घेतला.

“काढ की,” मी म्हटलं. “केस धुता येतात.”

त्याने ते फूल इतक्या जपून काढलं की एक बट हलली नाही. ग्रीसही लागलं नाही. थोडं लागलं असतं तर चाललं असतं मला.

मग बाबा आईला टॅक्सीने घेऊन आले. प्रितमने वाकून नमस्कार केला. आईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “खंयचो तू, बाबा?”

“वरळी कोळीवाड्याचा, काकी. मासळीचा धंदा आहे आमचा.”

“बरां, बरां,” आई माझ्याकडे बघत म्हणाली. “पापलेट ताजां गावतला.”

“आई!” मी ओरडले.  बाबांना मात्र डिकीची काळजी होती. “गो, हे मऊ झाले. फणस घातले की गाडी बसतली.”

“मग फणस नाही आणायचे,” मी म्हटलं.

आजवर आमच्या घरात असं कुणी बोललं नव्हतं. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. मग आईकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, “नाय तर नाय.”

मी गाडी काढली. आई मागे, बाबा तिच्याजवळ, प्रितम माझ्या शेजारी — गाडीचा आवाज ऐकायला, असं तो म्हणाला. वडाळ्यावरून अँटॉप हिलचा चढ चढलो, उतरलो. रस्ता खोदलेला, त्यावर फरश्या टाकलेल्या. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव मुठीत. मागून आवाज नाही. हूं नाही की चूं नाही. मला आरशात बघायचा धीर होईना.

“प्रितम... बघ ना रे मागे.”

तो वळला. आणि कुजबुजला, “झोपल्यात त्या.”

खरंच. बाबांच्या खांद्यावर डोकं टाकून आई गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं. मी कडेला गाडी थांबवली, कारण मला समोरचा रस्ता दिसत नव्हता. प्रितमने रुमाल पुढे केला. त्याला खारट वाऱ्याचा वास होता.

“म्हणजे जाणार तुम्ही,” तो दबक्या आवाजात म्हणाला.

“जाणार.”

“बरेच दिवस?”

“का? आठवण येईल गाडीला?”

“गाडीला नाही...”

पुढचं तो बोलला नाही. बाबा जागे होते ना!

निघायच्या दिवशी सकाळी सकाळी तो चाळीखाली हजर. हातात पाना. नवीन शॉकअप बसवले की थोडी गाडी फिरल्यावर नटबोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे असतात, हे कारण. कारण खरं होतं, तो खोटं बोलत नाही. पण नट आवळायला येणारा माणूस केस ओले करून, इस्त्रीचा शर्ट घालून येत नाही, एवढं मलाही कळतं.

आई मागच्या सीटवर उशी घेऊन बसली. चाळीतले निरोप द्यायला जमले. बाबांनी नारळ हातात घेतला आणि गाडीसमोर उभे राहिले. आमच्यात कुठेही निघताना गाऱ्हाणं घालतात. घरच्या मोठ्या माणसाने देवाकडे एकेक मागणं मोठ्याने मागायचं आणि जमलेल्यांनी त्याला हो म्हणायचं. म्हटलेलं हो देवापुढचं. मागे घेता येत नाही.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा... आज आमची गाडी गावाक निगता हा, ती सुखरूप पोचव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले.

“माज्या घरकारणीच्या पाठीक वाटेत तरास होवक देव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

“आणि...” बाबांनी नेहमीच्या सवयीने ओढलं, “ह्या माज्या चेडवाक बरोसो घोव गावांदे रे म्हाराजा!”

लेकीला चांगला नवरा मिळू दे, या मागण्याला दर वर्षी सगळी चाळ हसत हसत हो म्हणते. यंदा लोकांना तोंड उघडायला उसंतच मिळाली नाही. पुढच्या चाकापाशी पाना घेऊन बसलेला एक माणूस उठून उभा राहिला.

“व्हय म्हाराजा,” प्रितम म्हणाला. एकटाच.

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. त्याचे कान लाल झाले होते, पण नजर हलली नाही. माझ्यावरच होती. माझ्या छातीत असं धडधडायला लागलं की वाटलं, सगळ्यांना ऐकू जातंय. गेलं तर जाऊ दे! मी त्याच्यापर्यंत चालत गेले आणि सगळ्यांदेखत विचारलं, “काय म्हणालास? मला नीट ऐकू नाही आलं.”

“व्हय... म्हाराजा!” या वेळी पार वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

“मग ठीक आहे,” मी म्हटलं. “माझंही हो.”

बाबा हातात नारळ घेऊन तसेच. एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत. शेवटी त्यांनी मागच्या सीटकडे बघितलं. आई उशीला आरामात टेकून बसली होती. तिचा चेहरा मी कितीतरी वर्षांत इतका मोकळा बघितला नव्हता.

“बगतास काय?” ती म्हणाली. “फोडा नारळ! सुभद्रा वाट बगता.”

बाबांनी नारळ फोडला.