मागची दोरी

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. नाताळच्या सुट्टीत रामवाडीतली आमची अख्खी बिल्डिंग गोव्याला निघालेली आणि आमच्या घरात ठरली मुंबई. तीही शिडाच्या होडीनं! हट्ट सासऱ्यांचा. त्यांना सगळे दाजीच म्हणतात. तरुणपणी ते मिठागरांवरचं मीठ होडीनं मुंबईला न्यायचे. वय बहात्तर, गुडघे कामातून गेलेले, हट्ट मात्र शाबूत. मी दोन दिवस धुसफुसत तांदळाच्या भाकऱ्या बांधल्या.

उजाडताना ओहोटी धरून खाडीतल्या अंतोऱ्याच्या बंदरातून निघालो. सुकाणूवर दाजी, शिडापाशी माझा नवरा नितेश, मी आणि आमची नऊ वर्षांची किमया. होडीला इंजिन होतं, पण दाजी ते चालू करू देईनात.

रेवस मागे टाकल्यावर त्यांनी एक लांब दोरी होडीच्या मागे पाण्यात सोडली.

"ही कशाला हो?" मी विचारलं.

"आमच्या टायमाला परतेक होडीमागं असायची. कोण पडला तर धरायला." त्यांनी दोरीची गाठ पुन्हा आवळली. "त्या दिवशी मी वर घेतली व्हती. दोरीनं होडी मागं वढते ना... मीठ उतरवायला मुंबयच्या धक्क्याला पहिला नंबर लावायचा व्हता मला. सखा इथंच पडला. हात वर करून दोरी शोधत व्हता गो..."

सखा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, हे मला तेव्हाच कळलं. सतरा वर्षांचा, पहिल्यांदाच मुंबई बघायला निघालेला. लग्न होऊन बारा वर्षं झाली, पण हे नाव मी घरात कधी ऐकलं नव्हतं. माझी धुसफूस तिथंच संपली.

दुपारचं लख्ख ऊन होतं. समोर मुंबई हळूहळू पाण्यातून वर येत होती. शीड तट्ट फुगलेलं, आणि तरी होडी मंदावली. मी मागे पाहिलं. दोरी ताणून सरळ झाली होती.

"जाळं अडकलंय," नितेश म्हणाला आणि ओढायला वाकला. दाजींनी त्याचं मनगट धरलं.

"वढू नको. जाळं हात बदलत नाय रे."

आम्ही पाहत राहिलो. दोरी जराशी सैल व्हायची, परत ताणायची. एक हात, मग दुसरा. मी घाबरायला हवं होतं. पण माझे हात आपोआप जोडले गेले.

दाजी मागे न बघता बोलू लागले. "ती बग सखा, बोटी... डोंगरायवढ्या. आन् ती मुंबय." दिवेलागणीला धक्क्यासमोर त्यांनी शीड उतरवलं. जहाजांवर नाताळच्या माळा लागल्या होत्या, त्यांचा उजेड पाण्यात हलत होता. तासभर आम्ही तिथंच थांबलो. दोरीसुद्धा थांबली होती. "पोटभर बग," दाजी म्हणाले आणि रडले.

दुसऱ्या दिवशी परत फिरलो. दोरी रात्रभर पाण्यातच होती, दाजींनी ती तशीच ठेवली. "आता त्याला घरी न्यायचाय."

रेवसपाशी दोरी जड झाली. मग आणखी जड. होडीची मागची बाजू खाली बसू लागली, पाणी आत येऊ लागलं. नितेशनं इंजिन चालू केलं, ते नुसतंच घरघरत राहिलं.

"दाजी... हा एकटा नाय..." नितेश म्हणाला.

"नाय." दाजींचा आवाज अगदी हळू होता. "त्यानं इथं बुडालेल्या बाकीच्यांना सांगितलंन वाटतं. होडी घरी चाललीय म्हणून."

नितेशनं कोयता उचलला. किमया माझ्या कमरेला घट्ट बिलगली होती. काप, असं माझ्या ओठांवर आलंच होतं. दाजींनी दोरीवर आपला तळवा ठेवला.

"अनिता... एकदा वर घेतली मी. परत नाय गो."

त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. मी नितेशच्या हातातून कोयता काढून घेतला, पाण्यात टाकला आणि तांब्यानं होडीतलं पाणी उपसायला बसले. तासाभरानं भरती लागली. तिनंच आम्हाला खाडीत वर नेलं.

बंदरात होडी चिखलाला टेकली. दोरीला हिसका बसला, ती थोडी हलकी झाली. काठावर बगळ्यांची रांग होती. त्यातले दोन बगळे बाजूला सरले, कुणाला वाट द्यावी तसे, आणि परत जागेवर आले. असं सहा वेळा झालं. मग सगळं शांत.

दोरी वर घेतली तर तिला सात फास बांधलेले होते, मनगट अडकवण्यापुरते. सहा सारखे. शेवटचा उलट्या हातानं बांधलेला.

"सखा डावरा व्हता," दाजी म्हणाले. "आन् तो उतरून जाईल कुठं? आमचा घर काय आता बंदरावर ऱ्हायला नाय."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दाजींनी दोरीचं एक टोक बाल्कनीच्या गजाला बांधलंय, दुसरं खाली सोडलंय. सोसायटीवाल्यांनी दोनदा तक्रार केली, पण दाजी ती कुणालाही वर घेऊ देत नाहीत. मीही त्यांच्या बाजूनं भांडते.

काल संध्याकाळी मी बाल्कनीतले वाळलेले कपडे काढत होते. वारा अजिबात नव्हता. दोरी जराशी सैल झाली, परत ताणली.

एक हात. मग दुसरा.

मी आत येऊन दाजींना सांगितलं. ते उठले, बाल्कनीचं दार सताड उघडलं आणि मला म्हणाले, "एक पान जादा मांड गो."