उघाडीवरची हाक

बेलपाड्याची हौसा त्या दिवशी पनवेलच्या डॉक्टरांकडे तिसऱ्यांदा गेली होती. साल एकोणनव्वद, मार्चचं ऊन. डॉक्टरांनी कान तपासायचा लोखंडी काटा वाजवून तिच्या कानाशी धरला, डोक्याचा फोटो उजेडात पाहिला आणि म्हणाले, "हाड शाबूत आहे. पडल्यामुळे मेंदूला धक्का बसलाय. वेळ लागेल."

किती वेळ, ते त्यांनाही सांगता येईना.

दीड महिन्यापूर्वी मिठागरात काम करताना हौसाचा पाय घसरला आणि डोकं आपटलं. कुठे, कसं, तिला काही आठवत नव्हतं. शुद्ध आली तेव्हा ती उघाडीशेजारी होती, म्हणजे खाडीचं पाणी आतबाहेर सोडायच्या झडपेपाशी. तेव्हापासून कोणीतरी आतून तळहात रेटावा तसा डोक्यात दाब. वाकलं की तो डोळ्यांपर्यंत यायचा. डावा कान पाण्यात बुडी मारल्यासारखा गच्च, आत सतत घोंगावणं. दुसऱ्याचं बोलणं, हातातल्या चुड्याची किणकिणही लांबून यायची आणि स्वतःचं भाकरी चावणं मात्र ढोलासारखं वाजायचं.

"कामाचा कंटाला आला असल," शेजारणी हसायच्या.

हौसा पदर कानावर ओढून घ्यायची. तिला फक्त आपलं पहिलं डोकं परत हवं होतं.

नणंद शकूला तिची दया आली. "वैनी, पडलीस तिथंच तुझा जीव राह्यलाय. मी त्याला घरा आनते."

रीत जुनी होती. पडल्या जागी तांदूळ टाकायचे, नाव घेऊन बोलवायचं आणि मागे न बघता परतायचं. आजारी माणसाने घरात दार उघडं ठेवून बसायचं आणि पावलं आली की "आले" म्हणायचं.

भर दुपारी, भरतीच्या वेळी शकू उघाडीवर जाऊन आली. तिची पावलं ओटीवर वाजली. हौसा म्हणाली, "आले."

आणि कान उघडला! दाब गेला, घोंगावणं गेलं. वळचणीतल्या चिमण्या ऐकून हौसा रडली, मग हसली, मग दोन भाकऱ्या जास्त जेवली.

संध्याकाळी नवरा तुळशीराम आला. शकूने कौतुकाने सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"उघाडीवर? अगो, ती पडली मिठाच्या राशीपाशी! पानी मारायला मी उचलून उघाडीवर नेली."

"मग... दादूस, उघाडीवर कोन पडला व्हता?"

तुळशीराम उंबऱ्यावरच खाली बसला. "गेल्या साली एक बाई भरतीत सापडली. मेलेली, हातात एक बांगडी नाय. तिचं नाव-गाव कोनालाच कललं नाय."

हौसाने ते चुलीपाशी बसून ऐकलं. अगदी स्वच्छ ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शकू पुन्हा निघाली, या वेळी मिठाच्या राशीकडे. हौसा दार उघडं ठेवून आत बसून राहिली. कान शांत होता. इतका शांत, की शकूची पावलं तिला बांधापासूनच ऐकू आली. त्यांच्या मागे आणखी दोन पावलं होती... दमलेली, अनवाणी.

शकू ओटीवर चढली. हौसाने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

"आले," शकूच्या पाठीमागून कोणीतरी म्हणालं.

आवाज हौसाचाच होता.

शकू मागे वळली नाही. डोळे फाडून ती आत बसलेल्या हौसाकडे बघत राहिली. "वैनी... तू आत हाय, मग माझ्या मागं...?"

'मीच हौसा,' असं आतली हौसा सांगणार होती. पण त्याआधीच दार धाडकन लागलं. कडी घालणारा हात आपलाच आहे, हे तिला कडी बसल्यावर कळलं.

बाहेर शकू रडत दार ठोकू लागली. तिच्याबरोबर आणखी एक हात ठोकत होता. त्या हातातला चुडा किणकिणत होता, आणि ती किणकिण हौसाच्या ओळखीची होती.

तिने हळूच आपल्या मनगटांकडे पाहिलं.

दोन्ही मनगटं मोकळी होती.