खदानीच्या कडेला, वीस सेकंद

बसा जवळ, आणि ते मोबाईल उलटे ठेवा. एकदा उजेड डोळ्यांत गेला की अंधारातलं दिसायला बराच वेळ लागतो, हे मला भूपेशनं शिकवलं. भूपेश म्हणजे कल्याणजवळच्या पूर्ण्यातला माझ्या मावसभावाचा मुलगा. गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. त्यानं ही गोष्ट मला एकदाच सांगितली. पुन्हा विषय काढला तर उठून जातो.

भूपेशला आभाळाचे फोटो काढायचा नाद. पण पूर्ण्यात आभाळ उरलंय कुठं? गोडाऊनच्या लाईटींनी रात्रभर वर नुसता पिवळा धूर. म्हणून अमावस्या आली की हा मोटारसायकलला ट्रायपॉड बांधून वाडा रोडनं अंबाडीच्या पुढं जायचा. तिकडं त्याची सासुरवाडी. गावामागं माळ, माळावर बंद पडलेली दगडाची खदान, तिच्यात साचलेलं पाणी, माळाच्या टोकाला डोंगर, आणि वर काळंभोर आभाळ. मेहुणा सागर बरोबर असायचा. त्यालाही हा नाद भूपेशनंच लावलेला.

२०२४ सालची चैत्री अमावस्या. भूपेशची नाईट ड्युटी होती, म्हणून सागर एकटाच माळावर गेला. तो परत आलाच नाही. सकाळी खदानीच्या कडेला त्याची मोटारसायकल सापडली. सगळे म्हणाले, पाण्यात गेला. पाणबुडे उतरले, पाणी ढवळून काढलं, हाताला काही लागलं नाही. मग पाऊस आला, रान माजलं, शोध बंद पडला.

त्याची आई गुणाबाई मात्र ऐकेना. दिवस घालू देईना, फोटोला हार घालू देईना. जेवण जवळजवळ सुटलं. भूपेशची बायको मेघाली फोन ठेवून रडायची. म्हणायची, "भाऊ गेला, आता आई पण चाललीय, आणि मी इथं बसून बघतेय."

त्या वर्षी डिसेंबर संपता संपता सोमवती अमावस्या आली. तीस तारीख. संध्याकाळी भूपेश सासूच्या बीपीच्या गोळ्या घेऊन निघाला. अंबाडी नाक्यावर चहा घेतला, गावात पोचला, गोळ्या हातात दिल्या. गुणाबाईनं त्या बघितल्याही नाहीत.

"जावई, आज आमुश्या हाय. माळावर जाल ना?"

"जाईन, आई."

"त्याला हाक मारा. मोठ्यानं मारा. माझा आवाज आता तिथवर पोचत न्हाय."

दर अमावस्येला भूपेश त्यासाठीच तर जात होता. फोटो हे निमित्त.

माळावर पोचला तेव्हा नऊ वाजून गेले होते. थंडी मजबूत. पूर्वेकडून मृग नक्षत्र वर आलेलं, रोहिणीजवळ गुरू ठसठशीत. त्यानं खदानीकडं तोंड करून कॅमेरा लावला. अंधारात असा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचं शटर वीस वीस सेकंद उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात समोरून कुणी चालत गेलं तर तो फोटोत येतच नाही. नुसतं उभं राहिलं तरी माणूस श्वासानं हलतो, पुसट येतो. हे ध्यानात ठेवा.

त्यानं हाक मारली. "सागर..."

पलीकडच्या कातळावरून आवाज परत आला. बाकी काही नाही. पुन्हा मारली. घसा बसेपर्यंत मारली. मग खाली बसून त्यानं पहिला फोटो काढून बघितला. खदान. पाणी. मृग.

दुसरा काढला. त्यात पलीकडच्या काठावर कुणीतरी उभं होतं.

त्यानं मान वर केली. काठ मोकळा. बॅटरी मारली. दगड, वाळलेलं गवत. पुन्हा स्क्रीनवर बघितलं. माणूस होता. काळा आकार, पण कडा कापून काढल्यासारख्या. पुसट नाही. वीस सेकंदांत जरासुद्धा हललेला नाही.

तिसरा फोटो.

तो पाण्याच्या अलीकडं आलेला.

समोर बघितलं... कुणी नाही. रातकिडे थांबलेले. केव्हा थांबले, कळलं नव्हतं.

चौथा. अगदी जवळ. कॅमेऱ्याकडं पाठ. उजवा खांदा थोडा खाली, जड बॅग नेहमी त्याच खांद्यावर घेणाऱ्याचा असतो तसा.

भूपेश उठला. मोटारसायकलपर्यंत पळाला. चावी लावली. किकवर पाय ठेवला. आणि तिथंच थांबला. परत जाऊन त्या बाईला काय सांगायचं? पुढच्या अमावस्येपर्यंत ती असेल का?

त्यानं चावी काढली. परत आला. रांगत आला म्हणा ना.

"सागर," तो म्हणाला, "तू हायस का न्हाय, मला माहीत न्हाय. पण आई मरंल रे. कुठं हायस ते सांग. येवढंच सांग."

बटण दाबलं.

या वेळी त्यानं नजर समोरच ठेवली. समोर कुणीच नव्हतं. फक्त पाणी, पाण्यात चांदण्या. त्यातली एक चांदणी विझली... पुन्हा लागली. शेजारची विझली... लागली. कुणीतरी पाण्याच्या आणि त्याच्या मधून जात होतं. सावकाश.

खट्. शटर मिटलं.

फोटोत त्याची पाण्याकडं पाठ होती. एक हात वर उचललेला. भूपेशच्या पाठीमागच्या डोंगराकडं.

खदानीकडं नाही. डोंगराकडं.

भूपेश बॅटरी घेऊन त्या दिशेनं चालत सुटला. काटे लागले, पडला, उठला. डोंगराच्या पायथ्याला करवंदीच्या जाळ्या, आणि जाळ्यांमागं एक अरुंद घळ. वरून दिसतच नाही. बॅटरी खाली धरली. ट्रायपॉडचा एक पाय. त्याच्या बाजूला बूट.

खाली उतरायचा धीर त्याला झाला नाही. आणि तिथून हलवेनाही. उजाडेपर्यंत घळीच्या तोंडाशी बसून तो बोलत राहिला. "आलो रे... आलो."

सकाळी गावानं दोर सोडून सागरला वर काढलं. खदानीपेक्षा चांगली जागा बघायला तो डोंगराकडं गेला असणार, अंधारात घळीत पाय गेला असणार. सगळ्यांनी पाणीच शोधलं, कारण गाडी पाण्यापाशी होती. गुणाबाई माळ चढून आली. कुणाचा हात धरला नाही. त्या हाडांपाशी बसली आणि म्हणाली, "आला." मग कितीतरी महिन्यांनी रडली. दिवस घातल्यावर पोटभर जेवली.

भूपेशनं नंतर फोटो कॉम्प्युटरवर टाकले. खदान, पाणी, मृग. एकाही फोटोत माणूस नव्हता. त्याला वाटलं, आपलं डोकं फिरलं होतं. पण प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक धूसर डाग होता. लेन्स पुसली, डाग जाईना. मग कल्याणच्या दुरुस्तीवाल्याकडं नेली. त्यानं ती खोलली, बराच वेळ उजेडाकडं धरली.

"भाई, अंगठे का निशान है. अंदरवाले काच पे. और ये लेन्स तो आज पहली बार खुला है."

त्यानं औषध लावून पुसलं. ठसा गेला नाही.

लेन्स आता गुणाबाईकडं असते. मी स्वतः पाहिलीय. बाहेरची काच कोरडी ठणठणीत. आतला ठसा मात्र ओला आहे. अजून.