ओळ लाल केली होती

संकष्टीच्या सकाळी कुमुदिनी वाघचौरेंनी फोनवर 'उपास' निवडलं आणि शाळेची वाट धरली. पोटावर चिकटवलेला काडेपेटीएवढा पंप रक्तातली साखर स्वतःच मोजायचा, लागेल तितकं इन्सुलिन सोडायचा आणि उपास असल्याचं कळवलं की हात आखडता घ्यायचा. मधुमेहानं बाईंची दृष्टी नऊ वर्षांपूर्वीच गेली होती. पडद्यावरची अक्षरं फोनमधला 'वाचक' त्यांना वाचून दाखवी. त्यानं नेहमीच्या सुरात वाचलं, "उपास. मात्रा कमी."

दुपारी अंध मुलींच्या शाळेत सह्याद्रीतले घाट शिकवताना बाई कोसळल्या. वर्गातल्या बावीस मुलींना ते कळलं खुर्ची उलटल्याच्या आवाजानं.

तीन आठवड्यांनी रुग्णालयाच्या समितीपुढे पंप बनवणाऱ्या कंपनीचे पारसनीस म्हणाले, "इशारा दिला होता, तशी नोंद आहे. उपासाची सूचना पंपापर्यंत पोचली नव्हती, तो रोजचीच मात्रा सोडत होता, म्हणून फोनवरची ती ओळ लाल केली होती. बाईंनी दुर्लक्ष केलं. अशा रुग्णाकडे पंप ठेवणं धोक्याचं आहे."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंप गेला की पुन्हा सिरिंज, आणि सिरिंजवरच्या बारीक रेघा त्यांना रोज कोण वाचून देणार? नोकरी सोडाच, एकटीनं राहणंही संपलं असतं.

"पारसनीस साहेब, या आजारात माणसाचे डोळे जातात, हे तुमच्या कंपनीत कुणाच्या कानावर आलंय का?"

"बाई, लाल रंग सगळ्यांना कळतो."

"मला लाल ऐकू येत नाही. ओळीच्या आधी 'इशारा' एवढा एक शब्द लिहा. पुढे 'सूचना पोचली नाही' असं लिहा. वाचक ते वाचेल. जमलं तर पंप थरथरू द्या."

"रचना मंजूर झालेली आहे. पण पुढच्या आवृत्तीत लाल अधिक गडद करू," पारसनीसांनी मोठ्या मनानं सांगितलं.

समितीत पाच शिकलेली माणसं बसली होती. त्यातलं कुणी हसलंसुद्धा नाही, याचीच खरी चीड येते.

सोमवारी निर्णय फोनवर आला. पानात पोळी-भाजी वाढून घेतलेल्या बाईंनी तो जेवणाआधी ऐकला. वाचकानं एका सुरात वाचलं, "समितीचा निर्णय. पंप रुग्णाकडे सुरू राहील. पंप आजपासून दुरूनच बंद केला आहे. लागू असलेली ओळ रंगवली आहे."

त्यांनी पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. मग त्यांनी पारसनीसांना फोन लावला.

"बाई, स्पष्ट तर केलंय. हिरवी ओळ बघा ना. मी जरा मीटिंगमध्ये आहे." फोन बंद झाला.

बाईंनी पोटावरच्या पंपावर हात ठेवला. चालू असतानाही तो कधी आवाज करत नसे. समोरची पोळी गार होत चालली होती. ती खायची की नाही, हे आता त्यांनी कुणाला विचारायचं?