दाबाचं औषध

'सागरसाथ' जहाजाच्या पोटात एक पोलादी कोठडी होती आणि त्या कोठडीत दिगंबर तारी नावाचा पाणबुड्या तीनशे मीटर खोलीवर राहत होता. जहाज पाण्यावर, कोठडी जहाजात आणि माणूस मात्र तीनशे मीटर खाली! नव्या खलाशाला हे कोडं पहिल्या दिवशी उलगडत नाही आणि जुने त्याची यथेच्छ टिंगल करतात. खरं तर सोपं आहे. कोठडीतला दाब समुद्रतळाइतका ठेवलेला असतो. पाणबुड्या तेवढ्याच दाबाच्या बंद पोलादी पाळण्यात बसून तळाशी कामाला जातो आणि परत येऊन त्याच दाबात जेवतो, झोपतो. काम संपलं की दाब हळूहळू उतरवतात. त्याला दहाबारा दिवस लागतात. घाई केली तर सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर जे होतं ते रक्ताचं होतं.

आतली हवाही आपली हवा नव्हे. एवढ्या दाबाखाली नायट्रोजन दारूसारखा चढतो, म्हणून त्याच्या जागी हेलियम भरलेला असतो. हेलियम चढत नाही, पण आवाज बदकासारखा करून टाकतो. मग तो आवाज स्वरशोधक यंत्रातून सरळ करून बाहेर ऐकवतात.

बाहेर झडपांपाशी बसायची दिगंबरची धाकटी बहीण वासंती. ती दाबनियंत्रक होती. बहिणीला भावाच्या झडपेवर बसवू नये, असं कप्तानाचं मत होतं. पण दुसऱ्या कुणाच्या हाती आपला गळा देणार नाही, असं दिगंबरने साफ सांगितलं आणि मालवणच्या तारींशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे कप्तानाला ठाऊक होतं.

या खेपेला दिगंबरला वर आणायला सुरुवात झाली होती. दाब निम्म्यावर, म्हणजे दीडशे मीटरवर आला आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं.

पाणबुड्यांच्या दुनियेत औषध एकच. वर येताना दुखलं, तर रक्तात बुडबुडे झाले; खाली न्या, बुडबुडे विरघळतील. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं आहे आणि या औषधाने शेकडो जीव वाचले आहेत. वासंतीने झडप फिरवली, दाब वाढला आणि पाच मिनिटांत दुखणं गेलं. जहाजावरचे डॉक्टर असगेकर निर्धास्त झाले. दाबाने थांबलं म्हणजे बुडबुडेच, असं ते म्हणाले. काही तासांनी पुन्हा दुखलं. पुन्हा खाली नेलं, पुन्हा थांबलं. तिसऱ्या खेपेला दिगंबर होता तिथे परत पोचला होता, तीनशे मीटरवर. आता मात्र उलट्या सुरू झाल्या आणि असगेकरांचा चेहरा उतरला.

उजाडताना रत्नागिरीहून हेलिकॉप्टरने शल्यविशारद डॉ. नसरीन मुकादम आल्या. बाईंना समुद्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच बहुधा त्यांनी जमिनीवरचे प्रश्न विचारले. वारा सरतो का? पोट फुगलंय का?

"आतड्याला पीळ पडलाय," त्या म्हणाल्या. "पिळात वायू अडकलाय. तुम्ही दाब वाढवला की तो आक्रसतो, आतडं सैल होतं, दुखायचं थांबतं. पीळ तसाच राहतो."

"मग पुन्हा का दुखतं?" वासंतीने विचारलं.

"पोटातले जंतू वायू करतच असतात. मोकळी झालेली जागा पुन्हा भरते."

दाब उतरवून त्याला बाहेर काढण्याचा प्रश्नच नव्हता. दाब निम्मा झाला की वायू दुप्पट होणार आणि आतडं फुटणार. शस्त्रक्रिया आतच करायची, म्हणजे नसरीनबाईंनी शेजारच्या छोट्या कोठडीत बसून दिगंबरच्या दाबापर्यंत जायचं आणि मग मधलं दार उघडायचं. त्यांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. बाहेर यायला पुढे दहाबारा दिवस लागतील, हे ऐकूनही नाही.

तेव्हा असगेकरांनी खाली बघत उरलेलं सांगितलं.

"हेलियममध्ये माणसाला झपाट्याने खोल नेलं की हात थरथरतात. हेलियमकंप म्हणतात त्याला. दीडशेपर्यंत तुम्ही चार तासांत गेल्या असतात तरी हात शाबूत राहिले असते. तीनशेला संध्याकाळ होईल. आणि आता त्याला आणखी खाली नेलं, तर तुम्हालाही आणखी खाली जावं लागेल."

वासंतीला सगळं कळलं. तिने मायेने फिरवलेल्या प्रत्येक झडपेने दादाला डॉक्टरपासून लांब ढकललं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आतडं संध्याकाळपर्यंत टिकेल कदाचित," नसरीनबाई म्हणाल्या. "पण झडपेला हात लावायचा नाही. तो ओरडला तरी नाही."

त्या आत गेल्या. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला त्यांनी तळहातावर धरला आणि खिडकीशी बसल्या. पाणी सांडेपर्यंत हात आपले, असा त्यांचा हिशेब होता.

वासंतीने दिगंबरला सगळं समजावून सांगितलं आणि त्यालाही ते पटलं. दाताखाली टॉवेल धरून तो दुपारपर्यंत पडून राहिला. देता येण्याजोगं वेदनाशामक देऊन झालं होतं. या दाबाखाली त्याचाही अंमल धड बसत नव्हता. दुपारनंतर तो दाब वाढवून मागायला लागला. वासंतीने दोनदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा नाही म्हणताना ती रडत होती. शेजारच्या खिडकीत पाणी स्थिर होतं आणि अजून तीन तास जायचे होते.

"वासू, थोडीशीच फिरय गो," दिगंबर म्हणाला. "माका सोसना नाय."

तिने असगेकरांकडे पाहिलं. त्यांनी नजर दाबमापकाकडे वळवली. दादाने याआधी आयुष्यात तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. तिचा हात झडपेवर गेला आणि तिने ती फिरवली.

दाबमापकाचा काटा पुढे सरकला. नसरीनबाईंनी तो काचेतून पाहिला. त्या रागावल्या नाहीत. आता त्या वाढलेल्या खोलीपर्यंत सावकाश जाण्याइतका वेळ उरला नव्हता, म्हणून त्यांनी मोकळ्या हाताने आपलाही दाब भराभर वाढवायची खूण केली. वासंतीने दुसरी झडप पूर्ण उघडली. थोड्या वेळाने पेल्यातलं पाणी काठावरून सांडू लागलं आणि बाईंच्या मनगटावरून ओघळलं. त्यांनी दुसऱ्या हाताने तो हात घट्ट धरून पाहिला. पाणी सांडतच राहिलं.

स्वरशोधकातून दादाचा आवाज आला, अगदी त्याचा स्वतःचा, शांत.

"आता बरां वाटता गो. डॉक्टरांका सांग, सावकाश येवंदेत."