शेपटातला पिंजरा

ही गोष्ट खरी आहे. भुतं फक्त रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी घरी बसून सिनेमे बघावेत.

हे घडलं गेल्या मे महिन्यात, नागावात. रविवारी, भर दुपारी दोन वाजता.

सदू तांडेल रेवदंड्याचा. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस. त्या महिन्यात त्याच्या जाळ्यात मासळीऐवजी लोखंड आलं. महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानाच्या शेपटाचा तुकडा. त्यात एक माणूस मावेल एवढा गोल पिंजरा, काचा लावलेला, गंजून गच्च.

सदू ते परत दर्यात सोडणार होता. पण भाचा आडवा आला. रितेश. नागावात त्याचा होमस्टे. समुद्राकडे पाठ करून समुद्र विकणारा प्राणी.

"मामा, पाहुणे यात बसून फोटो काढतील ना!"

"मेल्या, त्यात मानूस मेला असल. फोटो काढायची जागा हाय का ती?"

"तुमचं आपलं काहीतरीच."

रितेशने तो तुकडा अंगणात सिमेंटच्या ओट्यावर बसवला. वर रंगीत दिव्यांची माळ. पाहुणे आत शिरायचे, जीभ बाहेर काढायचे, फोटो काढायचे.

सदू आला की तिकडे न बघता मागल्या दाराने आत जायचा.

त्या रविवारी सदू बहिणीला, रितेशच्या आईला, सुरमई द्यायला गेला. रितेश स्वतःच पिंजऱ्यात बसला होता. समोर दहा-बारा पाहुणे. मोबाइलवर वाचलेलं ज्ञान चाललं होतं.

"इथे बंदूकवाला एकटा बसायचा. शत्रू मागून आला की पहिली गोळी यालाच. वर थंडी एवढी की बोटं झडायची. पॅराशूट दाराबाहेर टांगलेलं. आणि हा पिंजरा बंदुकीसकट फिरायचा. वळलेला असताना यंत्र बंद पडलं, तर दार विमानाच्या पत्र्याआड. बाहेर यायचं नाव नाही. विमान पेटलं की… तंदुरी!"

पाहुणे खो-खो हसले.

सदू बाजूला थुंकला.

तेवढ्यात… करकर आवाज आला.

पिंजरा वळत होता.

कोणीही हात लावला नव्हता.

दार हळूहळू पत्र्याआड गेलं.

"भारी! मोटर बसवलीय वाटतं!" एक जण म्हणाला. सगळ्यांनी मोबाइल वर केले.

रितेश हसत नव्हता.

तो पत्र्यावर मुठी आपटत होता. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती… मे महिन्यात.

काचेवर आतून पांढरं काही साचू लागलं. फुटक्या कडेतून सदूने बोट घातलं.

बर्फ.

"मामा… काढा मला…"

आता पाहुणे ओरडत फाटकाबाहेर पळाले. पैसे मोजून मरणाची मजा बघायला आलेला कळप! एकानेही हात लावला नाही.

सदूने पहार आणली, फटीत घातली आणि सगळं अंग टाकलं. पिंजरा वीतभर सरकला. दार मोकळं झालं. त्याने भाच्याला कॉलर धरून बाहेर ओढलं. बोटं पांढरी, लाकडासारखी. अलिबागच्या डॉक्टरने नंतर विचारलं, "बर्फाच्या कारखान्यात कामाला आहात का?" दोन बोटांची टोकं गेली.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे.

रितेश ओट्यावर पडला होता. पिंजरा रिकामा. दार उघडं.

आणि आतून पत्र्यावर मुठी आपटण्याचा आवाज… सुरूच होता.

"ये बाबा," सदू म्हणाला. "दार उघडं हाय."

आवाज थांबला नाही.

तिसऱ्या दिवशी रितेशच्या रडारडीवरून सदूने तो तुकडा होडीच्या कडेला दोराने बांधला आणि खोल पाण्यात सोडायला नेला. वाटभर ते ठोकणं फळ्यांतून सदूच्या तळपायांना लागत होतं.

रितेश आता पाहुण्यांना सांगतो, बोटं शार्कने नेली. निर्लज्ज.

सदू मात्र हल्ली त्याला काही बोलत नाही. बोलणार कुठल्या तोंडाने?

आतला माणूस बाहेर यायला धडपडत होता…

आणि दोर सदूने कापला होता.