गुडघाभर पाण्यातलं जहाज

जहाज दुसऱ्यांदा बुडालं ते माझ्या मामामुळे. पहिल्यांदा ते का बुडालं याबद्दल तीन मतं आहेत आणि तिन्हींवर जाडजूड पुस्तकं आहेत. दुसऱ्यांदाबद्दल एकच मत आहे, ते माझं आहे, आणि ते मला कुणी विचारलेलं नाही. तुम्ही खुर्ची ओढून बसलाच आहात, तर ऐका.

मी तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं. घरी बसून छत बघत होतो, म्हणून आईने मामाला फोन केला. मामा संग्रहालयाचा प्रमुख. तीनशे वर्षं गाळात रुतलेली ती युद्धनौका त्यानेच बाहेर काढवली आणि पुढची बत्तीस वर्षं तिच्यापायी घालवली. लग्नसुद्धा राहून गेलं त्याचं. "नापासांना झेपेल असं एक काम आहे माझ्याकडे," तो आईला म्हणाला. फोन स्पीकरवर होता.

काम असं. जुनं लाकूड वाळलं की तडकतं, म्हणून जहाज एका अंधाऱ्या दालनात, काळ्या पडद्यांमागे, टेकू लावून उभं केलेलं. दर तासाला त्यावर पाणी फवारायचं. निथळलेलं पाणी खालच्या हौदात साठायचं. गुडघाभर. मी रोज गमबूट घालून त्यात उभा राहायचो, तेव्हा ते गुडघाभरच होतं, यावर कुणी माझ्याशी वाद घालू नये. आणि रोज दुपारी बाराला जहाजाच्या पोटात उतरून ओळंबा बघायचा. तुळईला दोरी, दोरीला शिशाचा गोळा, खाली रेघा मारलेली पितळी पट्टी. गोळा मधल्या रेघेवर असला की वहीत लिहायचं, 'सरळ'.

दारात एक पाटी लागणार होती. जहाज अमुक कारणाने बुडालं. कारण एकच, कारण पाटी लहान होती. महिन्याभराने मामा निवृत्त होणार होता. "माझं कारण त्या पाटीवर बघितलं की मी मरायला मोकळा," असं तो रोज चहाबरोबर म्हणायचा.

मामाचं मत : तोफांच्या खिडक्या उघड्या राहिल्या, त्यातून पाणी शिरलं. तळात दगड कमी भरले होते, म्हणून जहाज वरून जड झालं, हे सरांचं मत. हे सर म्हणजे ज्यांनी मला जहाजाच्या तोलाच्या पेपरात दोनदा नापास केलं तेच. तिसरे निवृत्त कप्तान. त्यांच्या मते वाऱ्याचा एक झोत आला आणि खेळ खलास. बाकी सगळं पुस्तकी किड्यांचं काम. तिघांची मिळून वयं एकशे शहाण्णव. कुणीही कधी "माझं चुकलं" म्हटल्याची नोंद नाही.

पाटीचा निकाल जहाज पहिल्यांदा बुडालं त्या तारखेला, जहाजाशेजारच्या लाकडी सज्ज्यावर लागणार होता. म्हणून तिघं पुराव्याच्या तयारीला लागले. मामाने डाव्या बाजूच्या सगळ्या खिडक्या उघडून त्यांच्या झडपा तारेने बांधून टाकल्या. सरांनी तळातले दगड वजन करायला बाहेर काढले, आणि परत ठेवायचे राहून गेले. कप्तानांनी नवं शीड चढवलं आणि कारखान्यातले चार अवाढव्य पंखे आणवले. दुसऱ्याने काय केलंय हे एकानेही वाकून बघितलं नाही. बघितलं तर त्याचं मत ऐकून घेतल्यासारखं झालं असतं ना!

ओळंबा एक बोट डावीकडे सरकला. मी वही घेऊन मामाकडे गेलो.

"मामा, कलतंय ते."

"तोलाच्या विषयात नापास कोण झालं होतं?"

"मी. पण गोळा पास-नापास बघत नाही."

"जा, पाणी मार."

त्याच दुपारी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. दालनात मी एकटा. फवारा बंद केल्यावर थेंबांचा टपटपाट बराच वेळ चालतो, तो ओसरत आला होता. ओल्या लाकडाच्या वासात एकाएकी डांबराचा उग्र वास मिसळला. तिसऱ्या खिडकीतून, आतून, अगदी अदबीने कुणीतरी विचारलं...

"साहेब... लावू का?"

माझ्या हातातली नळी गळून पडली. खिडकीच्या कडेवर चार बोटं होती. पांढरी, फुगलेली, कपडे धुताना बाईची होतात तशी.

"क... काय लावू?"

"झडपा. पाणी जवळ आलंय... हुकूम नाही मिळाला अजून."

भीतीने माझी वाचा बसायला हवी होती. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला साहेब म्हणालं होतं. "लाव की मग!" मी म्हणालो.

जरा ओशाळून तो म्हणाला, "तुमचा हुकूम चालत नाही... वरच्या साहेबांचा लागतो."

घ्या! भुतालासुद्धा डिग्री लागते.

"मग तेव्हा वरच्या साहेबांना विचारलं नाहीस?"

"विचारलं ना. तिघं होते. जहाज का कलतंय, यावर त्यांचं चाललं होतं... म्हणाले, थांब."

तीनशे वर्षांची तीन मतं, आणि खरं कारण माझ्यासमोर खिडकीला धरून उभं. त्याची दया आली म्हणा किंवा मामाचा राग, मी सज्ज्याकडे बोट केलं. "त्या तारखेला तिथे टक्कल पडलेला, चष्मा कपाळावर ठेवणारा एक जण उभा असेल. इथला सगळ्यात वरचा साहेब तोच. त्याला विचार."

"उपकार झाले," तो म्हणाला. बोटं आत गेली. कडेवर चार ओले ठसे राहिले, आणि ते शेवटपर्यंत वाळले नाहीत.

ती तारीख उजाडली. बाराला मी पोटात उतरलो तर गोळा तीन बोटं डावीकडे, आणि स्थिर नव्हता. हळूहळू, माझ्यासमोर, सरकत होता. मी धावत सज्ज्यावर आलो. "तीन बोटं! टेकू कुरकुरताहेत, पंखे बंद करा!"

तिघांचे चेहरे असे उजळले की काय सांगू!

"तीन बोटं?" सर टाळ्या वाजवत म्हणाले. "दगड काढल्यावर तीन बोटं! मी काय सांगत होतो!"

"दगड घाला चुलीत," कप्तान गरजले. "पंखे लावल्यावर कललं ते. अजून एक लावा रे!"

"कलू दे की," मामा म्हणाला. "कलल्याने जहाज बुडत नाही, खिडक्यांतून पाणी शिरल्याने बुडतं. थोडं अजून कललं की दिसेलच तुम्हाला."

"दिसेल म्हणजे? मामा, बुडेल ते!"

"गुडघाभर पाण्यात?" तिघं एकदमच हसले. त्या दिवसातलं त्यांचं हे एकमेव एकमत.

डांबराचा वास आला. पंख्यांच्या घरघरीतही तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला. सगळ्यात जवळची खिडकी मामाच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर होती.

"साहेब... लावू का?"

मामाने वळूनसुद्धा बघितलं नाही. त्याला वाटलं, मीच आहे. डास उडवावा तसा हात हलवून तो म्हणाला, "थांब! आधी कारण ठरू दे."

"मामा, हो म्हण!" मी ओरडलो. "फक्त हो म्हण!"

"मोठी माणसं बोलताना मध्ये..."

टेकू मोडल्याचा आवाज आला नाही. एक सुस्कारा आला, कुणीतरी फार वेळ रोखून धरल्यासारखा. जहाज डावीकडे झुकलं, खिडक्या पाण्याला लागल्या, आणि ते खाली जायला लागलं. आडवं पडलं नाही. खाली गेलं. खिडक्यांची रांग गेली, डेक गेला, डोलकाठी गेली, शिडाचं टोक गेलं. गुडघाभर पाण्यावर चार बुडबुडे आले. पंखे चालूच होते.

"वारा," कप्तान हळूच म्हणाले.

"दगड," सर म्हणाले.

अग्निशमनवाल्यांनी वजन बांधून दोर सोडला. पन्नास मीटर संपला, तळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी हौद उपसला तर खाली साधी फरशी, आणि तिच्यावर माझा ओळंबा. पाणी मी चाखून बघितलं होतं. आम्ही नळाचं फवारायचो. ते खारट होतं.

चौकशी समिती नेमली आहे. जहाज कुठे गेलं याबद्दल सध्या चार मतं आहेत.

मामा आता आमच्याकडेच असतो. तो कुणाशी भांडत नाही. दिवसातून दहा-बारा वेळा डावीकडे मान कलती करतो आणि घाईघाईने, अगदी अदबीने म्हणतो, "हो, हो... लाव." मग घरात कुठेतरी एक खिडकी बंद होते. आई कामावर असते, मी मामासमोर बसलेला असतो.

मामाचं जहाज गेलं, पाटी गेली, आणि डाव्या कानाने आता त्याला दुसरं काहीही ऐकू येत नाही.